खरवसाची जाळी, कस्टर्डची जाळी

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

तुम्ही कोथरूडचं घर आवरून दापोलीला गेलात, त्याला येत्या गणपतीत वर्ष होईल. सामान हलवण्याच्या गडबडीत आभार मानायचे राहिले. समोर उभं राहून मानले असते तर तुम्ही "पुरे रे" म्हणून हातात डबा दिला असतात, म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहितोय. आमच्याकडचं गोड ज्यांनी ज्यांनी खाल्लंय, त्यांनाही कळू दे ते कोणामुळे खाण्याजोगं झालं.

पहिल्या वर्षीचे उकडीचे मोदक आठवतात ना? एकवीस वळले, त्यातले आठ मोदकपात्रातच फुटले. मी पिठीला नावं ठेवत होतो. तुम्ही एक फुटका मोदक उचलून सारण बोटावर घेतलंत आणि म्हणालात, "गूळ आटलाच नाहीये. ओलं सारण फुटणारच की." वाटीला वाटी पाणी, चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ हे प्रमाण मला पाठ होतं. पण उकड हाताला चटके बसतील इतकी गरम असतानाच मळायची असते, हे तुम्ही माझा हात धरून परातीत घातलात तेव्हा कळलं. माझ्या मोदकाला अजून नऊच्या वर कळ्या पडत नाहीत, ते सोडा.

खरे आभार मानायचेत ते कॅरॅमल कस्टर्डसाठी. तुम्ही जन्मात अंडं खाल्लं नाहीत, माझ्या कस्टर्डला बोटही लावलं नाहीत, आणि तरीही ते सुधारलंत! अर्धा लिटर दूध, चार अंडी, साखर, व्हॅनिला, सगळं मोजूनमापून घ्यायचो. तरी ताटलीत उपडं केलं की कडेनं पाणी सुटायचं, कापलं की आत भोकंच भोकं. मी अंडी वाढवून पाहिली, दूध बदलून पाहिलं. एकदा तुम्ही विरजण मागायला आलात, ओट्यावरचा तो प्रकार लांबूनच पाहिलात आणि म्हणालात, "अरे, ही तर खरवसाची जाळी. आच फार झाली तुझी."

चिकातली प्रथिनं काय आणि अंड्यातली काय, तापली की एकमेकांत गुंततात आणि दुधाला धरून ठेवतात. फार तापली की आवळतात आणि धरलेलं पाणी पिळून टाकतात. हे मी नंतर वाचलं. तुम्ही तेव्हा एवढंच सांगितलंत की खालचं पाणी खळाखळा उकळू द्यायचं नाही, नुसतं थरथरलं पाहिजे. झाकणाला पंचा बांधायचा, म्हणजे वाफेचं पाणी वर ठिबकत नाही. आणि मधोमध जरा हलत असतानाच उतरवायचं, गार होता होता बसतं. गरम पाण्यात भांडं ठेवून शिजवायच्या या रीतीला फ्रेंच लोक 'बँ-मारी' म्हणतात. तुमच्याकडे त्याला खरवस लावणं म्हणतात. पुढच्याच रविवारी कस्टर्ड सुरीनं कापलं तर कड आरशासारखी गुळगुळीत. मी ताटली घेऊन खाली धावत आलो होतो, तुम्ही दारातूनच पाहून मान डोलावलीत.

थर्मामीटर आणला तेव्हा तुम्ही किती हसलात! रवा लाडवांचा पाक अंगठा आणि बोटात धरून "एकतारी झाला" म्हणालात, काटा 105 च्या आसपास होता. मग मी फजसाठी 'सॉफ्ट बॉल' पाक हवा, म्हणजे 112 ते 116 अंश, असं ऐटीत सांगितलं. तुम्ही वाटीभर गार पाण्यात थेंब टाकलात, त्याची मऊ गोळी वळून दाखवलीत, "गोळीबंद म्हण की." इंग्रजी नावसुद्धा याच परीक्षेवरून पडलंय, हे कळल्यावर मी गप्प बसलो. कॅरॅमलला मात्र अजून आकडा बघत नाही. कोऱ्या चहाचा रंग आला की गॅस बंद, हे तुमचंच.

पफ पेस्ट्री म्हणजे चिरोटेच, हे तुमचं म्हणणं तेवढं मला अजून पटलेलं नाही. साटा लावून घड्या घालणं सारखं, हे कबूल. पण तिथे लोणी गार लागतं आणि त्यातल्या पाण्याची वाफ पदर उचलते. मे महिन्यात पुण्यात करून पाहिलं तर लोणी लाटण्यालाच चिकटलं. तुम्ही असता तर "तळ मेल्या" म्हणाला असतात.

आणि हो, कस्टर्डच्या वेळी दिलेला तुमचा पंचा अजून माझ्याकडेच आहे. त्याला कॅरॅमलचे डाग पडलेत आणि अंड्याची वाफही पुष्कळ लागली आहे, तेव्हा तुमच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात तो आता चालायचा नाही. परत मागू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा