तिघांचे आभार

आमचे दादा पाणबुडीवर होते म्हटलं की परभणीकडं लोक विचारायचे, "कोणत्या विहिरीत?" ८ डिसेंबर १९६७ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा इथं आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' नौदलात आली, त्याच फॉक्सट्रॉट जातीच्या, सोव्हिएत बनावटीच्या पाणबुड्यांवर दादांची उमेदीची वर्षं गेली. आत गोडं पाणी मोजूनमापून. पुढं दुष्काळात ते तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकायचे अन् वर आम्हालाच हसायचे.

तेराव्याला विशाखापट्टणमहून दोन म्हातारे आले. नाव न सांगता फोटोपुढं पाणबुडीवाल्यांचा डॉल्फिनचा बिल्ला ठेवला, रात्रभर दादांच्या गोष्टी सांगितल्या (निम्म्या तर आईलाही नवीन!) अन् पहाटेच्या गाडीनं गेले. त्यांना स्टेशनवर सोडणाऱ्या रिक्षावाल्यानंही पैसे घेतले नाहीत. तुम्हा तिघांचे मनापासून आभार. बिल्ला आईनं देवघरात ठेवलाय.