हावड्याच्या पुलाचे फोटो वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

आजोबांच्या पाकिटातल्या जवळजवळ सगळ्या फोटोंच्या नोंदी पूर्ण झाल्या. तुम्हाला खासगीत ‘आभारी आहे’ कळवून माझं समाधान होईना, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. घरात जुने फोटो जपून ठेवणाऱ्या इतरांनाही तुम्ही काय केलंत ते कळावं, असं मनापासून वाटतं. तुमच्या इच्छेप्रमाणे तुमचं नाव कुठेही घातलेलं नाही.

आजोबा बंगाल नागपूर रेल्वेत होते. नोकरीची बरीच वर्षं हावड्याला गेली आणि तिथे त्यांनी कलकत्त्याचे फोटो जमवले. काही स्टुडिओतून विकत घेतलेले, काही कुणाकडून मिळालेले. त्यांवर ना तारीख, ना जागा. मागे कुठे पेन्सिलीनं ‘पूल’ एवढंच लिहिलेलं. पण हुगळीवर हावड्यापाशी एकामागून एक असे दोन पूल झाले, त्यातला हा कोणता आणि केव्हाचा, हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी त्यांचे स्कॅन तुम्हाला पाठवले.

तुमच्या पहिल्याच उत्तरात पुलाबद्दल एक अक्षर नव्हतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करा, कडा कापू नका, डाग पुसू नका, चिकटपट्टी लावू नका, पारदर्शक प्लास्टिकच्या जुन्या पिशव्यांतून फोटो आधी बाहेर काढा. एवढं झाल्यावर शेवटी लिहिलं होतंत, “पुलाकडे सावकाश बघू. आधी त्याच्या आजूबाजूला काय काय आहे ते बघू.” पुढचं सगळं काम या एका वाक्यावर झालं.

तरंगत्या पुलाचा तो पिवळट फोटो घ्या. इंजिनिअर ब्रॅडफर्ड लेस्ली यांनी बांधलेला हा पूल १८७४ मध्ये खुला झाला. फोटोत मात्र तो मधेच तुटल्यासारखा दिसतो. घरात सगळे त्याला ‘वादळातला फोटो’ म्हणत. तुम्ही समजावलंत की पूल तुटलेला नाही, उघडलेला आहे. तराफ्यांवर उभा असल्यामुळे त्याचा मधला दोनशे फुटांचा भाग बाजूला सरकवता येई आणि त्या वाटेनं जहाजं जात. तेवढा वेळ दोन्ही काठांवर गाड्या आणि माणसं खोळंबून राहत. तुम्ही तो भाग मोठा करून पाठवलात तेव्हा डाव्या कोपऱ्यात बैलगाड्यांची रांग दिसली, आणि एक गाडीवान जुवावर पाय टेकून निवांत बसलेला. फोटो आमच्याकडे इतकी वर्षं होता, पण त्या गाडीवानाला आमच्यापैकी कुणी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या एका फोटोत हाच पूल ओस पडलेला दिसतो. इतक्या वर्दळीच्या पुलावर चिटपाखरूही कसं नाही? तुम्ही भिंगातून बघायला सांगितलंत. फळ्यांच्या वर फिकट, पुसट पट्टे होते. ती चालती माणसं. काचेवर ओलं रसायन पसरून फोटो घेत त्या काळात काच काही सेकंद उघडी ठेवावी लागे. जो थांबला तो उमटला, जो चालत राहिला त्याचा धूर झाला. त्यावरून हा फोटो पुलाच्या पहिल्या काही वर्षांतला असावा, असं तुम्ही म्हणालात.

माझा सर्वांत आवडता फोटो म्हणजे दोन्ही पूल एकत्र दिसतात तो. खाली जुना तरंगता पूल, वर नव्या पुलाचे दोन लोखंडी हात, अजून एकमेकांना न भेटलेले. नव्या पुलाचं बांधकाम १९३६ मध्ये सुरू झालं आणि १९४२ मध्ये पुरं झालं, तेव्हा काळ ठरवायला अडचण नव्हती. तुमची नजर दुसरीकडेच गेली. नवा पूल जुन्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे उत्तरेला बांधला. कलकत्त्याच्या काठावरून हावड्याकडे तोंड करून उभं राहिलं तर उत्तर उजव्या हाताला येते. म्हणजे नवा पूल उजवीकडे आणि जुना डावीकडे दिसायला हवा. आमच्या प्रतीत नेमकं उलट! पलीकडच्या काठावरचं १९०५ चं हावडा स्टेशनही चुकीच्या बाजूला. छापताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती. तुम्ही आरशातली प्रत करून पाठवलीत आणि एका नावेच्या कडेवरची अक्षरं एकदम वाचता येऊ लागली.

त्याच पत्रात तुम्ही पुलाबद्दल जे भरभरून लिहिलंत, ते मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. साडेसव्वीस हजार टन पोलाद, त्यातलं बहुतेक टाटांच्या कारखान्यातलं. दोन मनोऱ्यांमधलं अंतर दीड हजार फूट, मधे नदीत एकही खांब नाही. जोडणी सगळी रिव्हेटांची. दोन्हीकडून पुढे सरकत आलेले भाग मधे जोडायला आठ-आठशे टनांचे सोळा हायड्रॉलिक जॅक लागले. आणि एवढा अवाढव्य पूल १९४३ च्या फेब्रुवारीत, जपानी बॉम्बच्या धास्तीनं, कसलाही समारंभ न करता खुला झाला. रवींद्र सेतू हे नाव त्याला १९६५ मध्ये मिळालं.

इमारतींचे फोटो तुम्ही झरझर ओळखलेत. उंच घुमटाचं जनरल पोस्ट ऑफिस, शिखरावर मिनर्व्हा या रोमन देवतेचा पुतळा असलेली रायटर्स बिल्डिंग, १९६० मध्ये पाडलेला विद्यापीठाचा सिनेट हॉल. सिनेट हॉलच्या खांबांचा फोटो बघून तुम्ही थोडा वेळ काही लिहिलं नाहीत, मग एवढंच लिहिलंत की ही प्रत नीट सांभाळा. ती आता वेगळ्या, आम्लरहित कागदाच्या पाकिटात आहे.

व्हिक्टोरिया मेमोरियलची जी प्रत तुम्ही आपणहून पाठवलीत, तिच्यासाठी वेगळे आभार. पांढऱ्या मकराणा संगमरवराची ती इमारत त्यात काळीकुट्ट दिसते. प्रत खराब नाही. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून इमारतच काळी केली होती. आजोबा हे सांगायचे तेव्हा लहानपणी आम्हाला ती थाप वाटायची. तुमच्यामुळे त्यांचा शब्द खरा ठरलेला बघितला.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुमच्या प्रत्येक नोंदीत वर्षाच्या आधी ‘नक्की’ किंवा ‘अंदाजे’ असतं आणि पुढे कारण असतं. ‘अंदाजे’ची संख्या जास्त आहे. इतक्या वर्षांच्या जाणकार माणसानं ठोकून वर्ष सांगितलं असतं तरी आम्ही डोळे मिटून मान्य केलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. मीही नोंदवहीत तुमची पद्धत जशीच्या तशी ठेवली आहे, कारणासकट.

या कामाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत आणि घेणारही नाही, हे आता मला कळून चुकलं आहे. म्हणून तुम्ही मागितलं होतंत तेच करते: सगळ्या फोटोंच्या मोठ्या आकाराच्या प्रती, मागच्या बाजूंसह, तुमच्या ग्रंथालयाच्या संग्रहासाठी पाठवते आहे. अभ्यासकांना त्या खुशाल वापरू द्या. सोबत न ओळखलेले काही घाटही आहेत. त्यातल्या एकावर पायऱ्यांशेजारी अर्धवट पाटी दिसते आहे, बंगालीत. वेळ मिळेल तेव्हा बघाल का?

तुमची ऋणी,
रेल्वेवाल्या आजोबांची नात