भीती घालणे म्हणजे संस्कार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला लेख वाचून संताप आला, म्हणून हे पत्र. लहान मुलांना देवळात नेणे, हरिपाठ शिकवणे म्हणजे त्यांचे ब्रेनवॉशिंग, असा सरसकट निवाडा लेखकाने देऊन टाकला आहे. दाखला कशाचा, तर कोरियन युद्धात कम्युनिस्टांच्या छावण्यांत मतपरिवर्तन केले गेले म्हणतात, त्या अमेरिकन कैद्यांचा! १९५३ मध्ये त्यांतल्या २१ जणांनी मायदेशी परतायला नकार दिला, हे खरे. पण तशाच छावण्यांमधून तीन हजारांहून अधिक कैदी घरी परतले, ते लेखात नाही. शिवाय ती कैद होती. आमच्या सिन्नरच्या घरात वडील रोज हरिपाठ म्हणत. पौष वद्य एकादशीला आम्हा भावंडांना दिंडीसोबत त्र्यंबकेश्वरला, निवृत्तिनाथांच्या यात्रेला चालवत नेत. थोरला भाऊ कॉलेजात गेल्यावर देव मानेनासा झाला. वडिलांनी त्याच्याशी कडाकडा वाद घातले, पण नाते तोडले नाही.

आणि हे नाशिककरांना सांगावे लागावे? काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो उभा करणारे डॉ. आंबेडकर कबीरपंथी घरात वाढले. वडील रामजी मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत. त्याच बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. घरच्या पोथ्यांनी डोके बंदच होत असते, तर येवल्याची ती सभा झाली असती का?

बोट ठेवायचे ते भलतीकडेच आहे. आमच्या कॉलनीत सुट्टीत संस्कारवर्ग भरतो. नातू आनंदाने जायचा. श्लोक, गोष्टी, शेवटी प्रसाद. मग एका रात्री तो झोपेना. त्याचे बाबा मुंबईहून रात्री कसारा घाटातून परतणार होते. पोरगं अंथरुणात बसून भराभर जप करत होतं, मोजणी चुकली की रडत पुन्हा पहिल्यापासून. वर्गातल्या ताईंनी सांगितले होते, ज्याचा जप राहतो त्याच्या घरावर संकट येते. सात वर्षांचे मूल! बाबा सुखरूप आले, त्याला जवळ घेतले, तरी उरलेला जप पुरा केल्याशिवाय तो आडवा झाला नाही.

सून विचारायला गेली, तर उत्तर मिळाले, “अहो, थोडी भीती घातल्याशिवाय मुलं बसत नाहीत.” वर टोमणा, “तुमच्याकडे घरी कोणी जप घेत नसेल, म्हणून तो घाबरला.” मी वारकरी घरातली, आजही ज्ञानेश्वरी वाचल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. माझ्या वडिलांनी पांडुरंगाचे नाव घेऊन आम्हाला कधी भेडसावले नाही. बापाचा जीव देवाने ओलीस धरला आहे, असे लेकराच्या मनात भरवणे ही देवाची बदनामी आहे.

राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार सरकारमान्य शाळेलाही पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. वर्गात नाव घातले म्हणजे आमची संमती होती, असे वर्गवाले म्हणतील. ती श्लोकांना होती, धमकीला नव्हती. पालकांनी एखाद्या दिवशी मागे बसून ऐकावे, आणि बसू देत नसतील तर मूल काढून घ्यावे. आम्ही काढले.

जाता जाता तुम्हालाही विचारते. ज्या अंकात हा लेख, त्याच अंकात आतल्या पानावर ‘करणी, वशीकरण, २४ तासांत गुण’ अशी छोटी जाहिरात होती. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे. तुमच्याकडे या जाहिराती कोण तपासतो, ते याच सदरात छापावे.

– एक आजी, इंदिरानगर, नाशिक
(नाव छापू नये. वर्ग शेजारीच भरतो.)