क्रेसवेलच्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून काका म्हणते. ऑक्टोबरात इंग्लंडमधे असताना तुमच्या क्रेसवेल स्टेशनवर माझी गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. साडीवर जॅकेट चढवून बाकावर बसलेल्या बाईला "पुढची तासाभराने, तोवर आमचं गाव बघता का?" असं विचारणारे, कुत्रा घेऊन निघालेले, ते तुम्ही. पत्र मराठीत लिहितेय. शेफिल्डची लेक म्हणते, पुन्हा तिकडे गेले तर शोधून वाचून दाखवीन.

मी आले होते हिमयुगातल्या गुहा बघायला. कोळशाचं मला काय अप्रूप? लहानपण चंद्रपूरकडच्या घुग्घुसला, कोळसा खाणीच्या कोलियरी कॉलनीत गेलं. हे ऐकलंत आणि तुमची चालच बदलली.

तुमचं गाव म्हणजे मधे हिरवळ, तिच्याभोवती घरांची एक रांग, त्यामागे दुसरी. सगळा मिळून अष्टकोन. सुमारे २८० घरं. १८९०च्या दशकात बोल्सोव्हर कोलियरी कंपनीने इथे खाण खोदली आणि पर्सी हाउफ्टन या आर्किटेक्टकडून गावही आखून घेतलं. माझ्या लक्षात मात्र राहिला तो तुम्ही बुटाच्या टोकाने दाखवलेला घरांमागचा पट्टा. इथून छोटे रूळ जायचे. कोळसा परसदारी यायचा, राख आणि मैला त्याच वाटेने जायचा. त्यानंतर ऐंशी वर्षांनीही आमची आई डोक्यावर घमेलं घेऊन कोळसा आणत होती. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

तुम्ही कंपनीचे गोडवे गायला नाहीत. कंपनीच्या एमर्सन बेनब्रिज साहेबांना त्यांच्याच दुसऱ्या, न्यू बोल्सोव्हरच्या वसाहतीत दारू, जुगार आणि शिवीगाळ नको होती, हे सांगताना तुम्ही एक सणसणीत शिवी हासडलीत आणि लगेच माफीही मागितलीत. घर कंपनीचं, म्हणजे नोकरी सुटली की छप्परही गेलं. वडील रिटायर झाल्यावर क्वार्टरची किल्ली द्यायला गेले होते, ते मला आठवलं.

मग तुम्ही २६ सप्टेंबर १९५० बद्दल बोललात. पहाटे जमिनीखाली कोळसा वाहणारा रबरी पट्टा फाटला, अडकला, घर्षणाने पेटला. विषारी वायूने ८० माणसं गेली. आग विझेना, म्हणून तो भाग बंद करावा लागला, काही मृतदेह आतच असताना. शेवटचे मृतदेह बाहेर यायला पुढचं साल उजाडलं. तुम्ही तेव्हा पाच वर्षांचे. "त्यानंतर सहज पेट न घेणारे पट्टे आले," एवढं म्हणून तुम्ही कुत्र्याला हाक मारलीत.

काका, माझे वडील बेल्ट ऑपरेटर होते. नवा पट्टा आला की आग न धरणारा असल्याचा शिक्का आधी शोधायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही तुमचं गाव माहीत नसावं. तेव्हा मला बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

खाण १९९१मध्ये बंद झाली, हे सांगेपर्यंत मी दुसरी गाडीही जाऊ दिली होती. तिसरी येईस्तोवर तुम्ही त्या गारठ्यात फलाटावर उभे होतात, आणि मी नुसता हात हलवून आत चढले.

तुमची,
घुग्घुसची साडीवाली