काडतुसांची तपासणी की पत्त्यांची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत काडतुसे किराणा मालासारखी मिळतात, असे आपल्याकडे सर्रास लिहिले-बोलले जाते. बऱ्याचशा राज्यांबाबत ते फारसे चूकही नाही. १९६८ च्या संघीय कायद्याने काडतुसे विकणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाइकाची नोंद ठेवायला लावली होती. १९८६ च्या दुरुस्तीने ती सक्ती जवळजवळ संपली. बंदूक घेताना होणारी संघीय पार्श्वभूमी तपासणी काडतुसांना लागू नाही. वयाची अट तेवढी आहे: दुकानातून रायफल-शॉटगनची काडतुसे घ्यायला १८ वर्षे पूर्ण हवीत, पिस्तुलाची घ्यायला २१. पण जिथे मराठी घरे हजारोंनी आहेत त्या कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून काडतुसांच्या प्रत्येक खरेदीला तपासणी आहे. पंचवीस काडतुसांचा एक खोका घ्या नाहीतर पाचशेची पेटी, फरक नाही. तिथल्या बंदूकधारकांची तक्रार काय आहे ते इथल्या वाचकांपर्यंत पोचत नाही. पोचते ती 'बंदूकवाले विरुद्ध बंदूकविरोधी' एवढीच बातमी.

आपल्याकडे शस्त्र परवान्यावरच काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. दुकानदार परवाना बघतो, किती दिली त्याची नोंद करतो. म्हणजे तपासणी एकदा, परवाना देताना. कॅलिफोर्नियात घरी बंदूक ठेवायला असा परवाना लागत नाही. बंदूक घेण्याआधी सुरक्षेची लेखी परीक्षा द्यावी लागते (३० प्रश्न, त्यांतले २३ बरोबर आले पाहिजेत, प्रमाणपत्र ५ वर्षांचे), पण ते प्रमाणपत्र काडतुसांच्या काउंटरवर उपयोगाचे नाही. तिथे दर वेळी नव्याने श्रीगणेशा.

होते ते असे. दुकानदार तुमचे ड्रायव्हिंग लायसन्स यंत्रात सरकवतो. नाव, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक आणि पत्ता राज्याच्या न्याय विभागाकडे जातो. तिथे एएफएस नावाची बंदुकांच्या नोंदींची संगणकीय वही आहे. तुमच्या नावावर निदान एक बंदूक तिथे नोंदलेली असली आणि चारही गोष्टी जुळल्या, तर बंदूक बाळगायला मनाई असलेल्यांच्या यादीशी पडताळणी होऊन काही मिनिटांत होकार येतो. याचे शुल्क पूर्वी १ डॉलर होते, १ जुलै २०२५ पासून ५ डॉलर झाले. एएफएसमध्ये नोंदच नसली तर दुसरा मार्ग १९ डॉलरचा. त्यात पूर्ण चौकशी होते, दिवस मोडतात, होकार ३० दिवस टिकतो आणि तोही एकाच खरेदीपुरता. पुढच्या खरेदीला पुन्हा १९ डॉलर. साध्या .२२ च्या पन्नास गोळ्यांच्या खोक्याहून तपासणी महाग! तिसरा मार्ग बोटांचे ठसे देऊन राज्याचे पात्रता प्रमाणपत्र काढण्याचा; ते दर वर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि ते असले तरी काउंटरवरची पडताळणी चुकत नाही.

घोडे पेंड खाते ते पहिल्याच मार्गावर. एएफएसमधला पत्ता हा बंदूक घेतली त्या दिवशीचा पत्ता. कॅलिफोर्नियात घर बदलले की १० दिवसांत वाहन विभागाला कळवावे लागते. लोक कळवतातही. पण तो बदल एएफएसपर्यंत आपोआप जात नाही. सनीवेलच्या भाड्याच्या घरातून सॅन रमोनच्या स्वतःच्या घरात गेलेला माणूस वाहन विभागाच्या लेखी सॅन रमोनचा आणि बंदुकांच्या वहीत सनीवेलचाच राहतो. यंत्र सांगते, जुळत नाही. दुसरे कारण वर्षाचे. रायफल आणि शॉटगन यांच्या विक्रीच्या नोंदी राज्य १ जानेवारी २०१४ पासून ठेवू लागले. त्याआधी रीतसर, तपासणी होऊन घेतलेली शॉटगन ज्याच्याकडे आहे, त्याच्याकडे या वहीच्या हिशेबी बंदूकच नाही. त्याने १९ डॉलर भरून मालकीचा अहवाल दाखल करायचा, नोंद चढेपर्यंत थांबायचे आणि मग काडतुसे घ्यायला जायचे.

मराठी माणसाच्या नावाचा घोळ यात वेगळाच. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच रकान्यात बसते. अमेरिकेत कुठे 'अनंत वासुदेव' हे अख्खे पहिले नाव होते, कुठे 'वासुदेव' मधले नाव होते, कुठे नुसता 'व्ही' उरतो. बाईचे नाव लग्नानंतर बदललेले, त्यात मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे आलेले. नागरिकत्व घेताना काही जण नाव आटोपशीर करून घेतात, तो आणखी एक अवतार. बँकेत हे सांभाळून घेतले जाते, कारण समोर माणूस असतो. इथे यंत्र अक्षरे जुळवते.

लायसन्सचीही भानगड आहे. उजव्या कोपऱ्यात सोनेरी अस्वल आणि त्याच्या अंगावर चांदणी असेल तर ते 'रिअल आयडी' आणि ते एकटे पुरते. त्या जागी 'फेडरल लिमिट्स अप्लाय' असे छापलेले असेल तर सोबत अमेरिकी पासपोर्ट, नागरिकत्वाचे प्रमाणपत्र, ग्रीन कार्ड यांपैकी काही दाखवावे लागते. घरी विसरलात तर हात हलवत परत.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. पहिल्या सात महिन्यांत पहिल्या मार्गाने गेलेल्या १६.४ टक्के खरेदी फेटाळल्या गेल्या. सुरुवातीचा गोंधळ म्हणून ते सोडून देऊ. पण चार वर्षांनी, २०२३ च्या पहिल्या सहामाहीतही हे प्रमाण जवळपास ११ टक्के होते. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार त्या सहा महिन्यांत सुमारे ५८ हजार खरेदी अडल्या आणि त्यांत कायद्याने खरोखर मनाई असलेली माणसे निघाली १४१. बाकीच्यांचे पत्ते, नावे किंवा नोंदी जुळत नव्हत्या.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण बंदूकधारकांच्या संघटना ती सांगत नाहीत. १४१ हा आकडा काउंटरवर जाऊन पकडले गेलेल्यांचा आहे. तपासणी आहे म्हणून दुकानाची पायरीच न चढलेले किती, हे त्यात येऊ शकत नाही. घरगुती हिंसाचारात शिक्षा झालेल्या एकाच्या हाती गोळ्या पडल्या नाहीत तरी ते मोलाचेच. मतदारांनीही २०१६ च्या नोव्हेंबरात काडतुसांवरच्या तपासणीच्या ६३ व्या प्रस्तावाला सुमारे ६३ टक्के कौल दिला होता, आणि तेव्हाचे उपराज्यपाल गॅव्हिन न्यूसम त्याचे मुख्य पुरस्कर्ते होते. तेव्हा 'तपासणीच नको' ही मागणी मला पटत नाही. वही नीट ठेवा, ही मागणी मात्र पुरेपूर पटते.

न्यायालयात तरी हा वाद २०१८ पासून चालू आहे. दावा लावणाऱ्यांत अग्रणी किम रोड, सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदके मिळवलेली नेमबाज. स्कीट म्हणजे उडत्या चकत्यांवरची नेमबाजी; तिच्या एका फेरीला २५ काडतुसे लागतात आणि सराव एका फेरीचा नसतो, हे ध्यानात घेतले की खेळाडू का चिडले ते कळते. जिल्हा न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी २०२० मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये कायद्याला मनाई केली. दोन्ही वेळा अपिली न्यायालयाने काही दिवसांतच स्थगिती दिली. जुलै २०२५ मध्ये त्याच अपिली न्यायालयाच्या (नववे सर्किट) तीन न्यायाधीशांच्या पीठाने २ विरुद्ध १ मतांनी कायदा घटनाबाह्य ठरवला, आणि सरकारने मोठ्या पीठाकडे दाद मागितली; त्यामुळे तो निकाल लगेच अमलात आला नाही. 'कायदा रद्द' असा मथळा वाचून दुकानात गेलेल्यांकडे दुकानदाराने पूर्वीसारखेच लायसन्स मागितले, ते यामुळे. बातमी देताना हा फरक स्पष्ट करावा, ही आपल्याला विनंती.

ऑनलाइन मागवून सुटका होत नाही. पार्सल थेट घरी येत नाही. ते परवानाधारक दुकानात येते, तिथे तीच तपासणी, वर दुकानदाराची हमाली. त्यात जुलै २०२४ पासून बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के जादा कर आहे, म्हणून सीमेपलीकडे नेवाडा राज्यातल्या रीनोला जाऊन गाडीच्या डिकीत खोके भरून आणायचा मोह होतो. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला बाहेरून घेतलेली काडतुसे अशी आणायला बंदी आहे. आणि एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी या भानगडीत पडूच नये. त्यांना बंदूक काय आणि एक काडतूस काय, जवळ बाळगायला संघीय कायद्यानेच मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच.

ज्यांचे सगळे कायदेशीर आहे त्यांनी घर बदलल्यावर वाहन विभागाला कळवताना त्याच दिवशी न्याय विभागाच्या सीएफएआरएस या संकेतस्थळावर एएफएसमधली माहितीही बदलून घ्यावी. आपली नोंद नेमकी कशी आहे ते पाहायचे तर सध्या त्या विभागाकडे रीतसर अर्ज करावा लागतो. सरकारने इथेच हात घालावा: नोंद घरबसल्या पाहता यावी, वाहन विभागातला नवा पत्ता एएफएसमध्ये आपोआप जावा, आणि नकार देताना 'पत्ता जुळत नाही' की 'मनाई आहे' हे त्याच क्षणी गिऱ्हाइकाला कळावे. तोवर नुसता सराव करायचा असेल, तर परवानाधारक नेमबाजी केंद्रात घेऊन तिथल्या तिथे उडवायच्या काडतुसांना ही तपासणी नाही. उरलेली मात्र खिशात घालून घरी आणायची नाहीत.

आपला नियमित वाचक,
सॅन होजे, कॅलिफोर्निया