आयुक्त साहेब, पाणी साठवा म्हणालात म्हणून साठवलं, आणि तुमच्याच माणसांनी ओतलं!

मा. आयुक्त साहेब, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याची तुमची गडबड माहीत आहे, म्हणून थोडक्यात लिहिणार होते, पण जमेलसं दिसत नाही. परवा सकाळी आपल्या आरोग्य विभागाचं पथक आमच्या रो-हाऊसच्या अंगणात आलं. टॉर्च मारला, वहीत काहीतरी खरडलं, आणि दोघांनी मिळून माझं २०० लिटरचं गच्च भरलेलं पिंप विटांच्या ओट्यावरून खाली ढकललं. तोटी मुळापासून तुटली, पाणी गेटखालून थेट गटारात. वर ५०० रुपयांची पावती. कारण काय, तर 'डास उत्पत्ती स्थान'. अहो, अळी दाखवा ना एक तरी! म्हटलं तर सुपरवायझर म्हणतो, मॅडम, साठलेलं पाणी दिसलं की ओतायचं, वरून ऑर्डर आहे. जाताना गेटवर खडूनं तारीख टाकून गेले.

वरून म्हणजे तुमच्याकडूनच ना साहेब?

कारण मे महिन्यात वरून दुसरंच काहीतरी येत होतं. रोज सकाळी घंटागाडीवर 'पाणी अडवा, पाणी जिरवा', चौकात तुमच्या हसऱ्या फोटोचं होर्डिंग, छतावरचं पाणी साठवा आणि मालमत्ता करात सूट मिळवा. आम्ही भोळे, लागलो कामाला.

आता ते पिंप काय होतं ते ऐका, कारण तुमच्या माणसांनी ते बघितलंच नाही, फक्त ढकललं. जुन्या बाजारातून निळा ड्रम आणला, तोही आधी त्यात काय होतं ते खोदून खोदून विचारून, केमिकलचा असता तर फुकट दिला तरी घेतला नसता. मागच्या पत्र्याला पन्हळ लावली, तिच्याखाली चार इंची पाइप. पहिल्या सरीत छपरावरची धूळ, पाखरांची घाण सगळं वाहून येतं म्हणून बाजूला एक उभा पाइप, खाली बूच. घाण पाणी आधी त्यात भरतं, तो भरला की मगच चांगलं पाणी पिंपात. ओटा दोन फूट उंच, म्हणजे तोटीखाली झारी बसते आणि मला वाकावं लागत नाही, मणक्यात गॅप आहे माझ्या. पिंपाला घट्ट झाकण, जिथून पाइप आत जातो तिथे नायलॉनची बारीक जाळी, सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधलेली. जास्तीचं पाणी जाणाऱ्या नळीच्या तोंडालासुद्धा जाळी! ते पाणी लिंबाच्या आळ्यात जायचं. डास आत शिरणार कुठून, पासवर्ड टाकून?

डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो, हे मलाही माहीत आहे. म्हणून तर आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायला सांगता. पण साहेब, घरोघरी उघडी पिंपं, बादल्या, पातेली भरून कशामुळे ठेवावी लागतात? तुमचा नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही रात्री दोनला, म्हणून! रोज तासभर पाणी द्या, कोण कशाला ड्रम भरून ठेवेल. डासांची सोय तुम्हीच करायची आणि पावती आम्ही फाडायची. आमच्या शेजारी बिल्डिंगचं काम बंद पडलंय, तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात दोन वर्षं पाणी आहे, अळ्या नुसत्या वळवळताना दिसतात. त्या गेटवर खडू लागला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

करसवलतीचं तर विचारूच नका. फॉर्मवर शोषखड्डा आणि बोअर पुनर्भरण, म्हणजे पाणी जमिनीत जिरवायचे प्रकार, एवढंच. क्लार्क म्हणतो पिंप म्हणजे हार्वेस्टिंग नाही, झाडांना पाणी घालणं ही तुमची हौस. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथे म्हणे ५०० चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला सक्ती आहे, तुम्हाला लागूच नाही. सक्ती लागू नाही ठीक आहे हो, पण सूट? तर साहेब मीटिंगला. साहेब कायम मीटिंगलाच असतात, पाण्याच्याच मीटिंगला असणार.

जरा हिशेब करा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. माझा पत्रा २० चौरस मीटरचा, म्हणजे दहा मिलिमीटरच्या एका सरीत पिंप फुल्ल. आपल्याकडे मराठवाड्यात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, १०० चौरस मीटरच्या छतावर ७० हजार लिटर झालं, गळालं-उडालं सोडून ५५ हजार धरा. शहरात अशी लाखभर छपरं असतीलच, म्हणजे ५५० कोटी लिटर, दहा हजार लिटरवाले साडेपाच लाख टँकर! आकडा इकडेतिकडे झाला असेल तर तुमच्या अभियंत्यांनी दुरुस्त करावा, पगार त्यांना आहे. टँकर म्हटलं की काहींच्या पोटात दुखतं हेही कळतं आम्हाला.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, 'जलदूत' म्हणून केवढा गाजावाजा. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. बिचाऱ्या लातूरकरांना नावं ठेवत नाही, पण माझ्या वरच्या हिशेबानं तेवढं पाणी दहा छपरं वर्षाला देतात. तमिळनाडूनं २००३ मध्ये सगळ्या इमारतींना पावसाचं पाणी साठवणं सक्तीचं केलं. आणि लांब कशाला, कान्हेरीच्या लेण्यांत भिक्खूंनी खोल्यांशेजारी दगडात टाकी खोदून पावसाचं पाणी भरून ठेवलं होतं, शिवनेरीवर गंगा-जमुना टाकी आहेत. नशीब, तेव्हा तुमचं पथक नव्हतं, नाहीतर तीही ओतून टाकली असती आणि शिवनेरीच्या दरवाजावर खडूनं तारीख.

आणि जिरवणार तरी कुठे? सगळे रस्ते सिमेंटचे, फूटपाथला पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट. पडलेलं पाणी तासाभरात नाल्यात आणि नाला आमच्या हॉलमध्ये. मधली कितीतरी वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा कारभार, तक्रार करायची कुणाकडे? ॲपवर टाकली तर फोटो न बघताच 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' पाणीपट्टी मात्र बरोबर येते, तीनशे पासष्ट दिवसांची, पाणी पन्नासेक दिवसांचं. हे कुठलं गणित? एक विभाग साठवा म्हणतो, दुसरा ओततो, तिसरा फॉर्म नाही म्हणतो आणि तिघेही एकाच इमारतीत एकाच कँटीनचा चहा पितात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. कायदा पाळणारा सापडतो कारण त्याचं गेट उघडं असतं. मोठ्यांच्या गेटवर वॉचमन असतो ना.

तर मागणं एवढंच. ५०० रुपये परत करा, तोटी आणि फ्लँजचे २४० वेगळे. झाकणबंद, जाळीबंद पिंप चालेल की नाही ते एका कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या, आणि तो कागद पथकाच्या हातातही द्या. करसवलतीच्या फॉर्मवर पिंपासाठी एक ओळ वाढवा, छपाईला फार खर्च येत नसावा. आणि शेजारच्या त्या लिफ्टच्या खड्ड्यात गप्पी मासे सोडा, नाहीतर बिल्डरला पावती द्या, हिंमत असेल तर.

पिंप मी पुन्हा बसवलंय, नवीन तोटी लावून. पथक आलं की मी घरी असेन, जाळी सोडून दाखवेन, अळी सापडली तर हजार रुपये भरेन, नाही सापडली तर पथकानं त्याच झारीनं कढीपत्त्याला पाणी घालून जायचं.

आपली,
पाणीपट्टी वेळेवर भरणारी एक नागरिक

ता.क. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. सही कुणाची ते वाचता आलं तर मलाही कळवा.