वरच्या मजल्यावरच्या भाऊजींना, मान वळवल्याबद्दल

सप्रेम नमस्कार,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो वहिनी, काय त्यात" म्हणत जिना चढून जाता. म्हणून हे इथे, चार लोकांदेखत लिहितेय. निदान मधेच निघून जाता येणार नाही.

माझं घरगुती डीटीपीचं काम तुम्हाला ठाऊक आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, मंडळांचे अहवाल, सगळं त्या एका लॅपटॉपवर. तो दुकानातून फॉरमॅट होऊन आला आणि जुनी एकही फाइल वाचता येईना. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. दुकानदार म्हणाला, "फायली करप्ट झाल्यात मॅडम. तसंबी विंडोज दहा बंद झालंय, नवीनच घेऊन टाका." पैसे मात्र पूर्ण घेतले. वर झाकणाला चिकटपट्टी लावलेली, आणि तिच्यावर मार्करनं माझा पासवर्ड. तो त्यांनी आधी काउंटरवर मोठ्यानं विचारून घेतला होता, मागे गिऱ्हाईकं उभी असताना. त्यात माझ्या लेकीचं लाडाचं नाव आहे. चिकटपट्टी खरवडून काढताना मला रडू आलं होतं, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आमच्या भाच्यानं बघितलं. तो माउस हिसकावून घेतो, पाच-सहा खिडक्या उघडतो, मिटतो, आणि "झालं मावशी" म्हणतो. काय झालं ते त्याला आणि त्या यंत्रालाच माहीत.

तुम्ही आलात ते स्टूल ओढून बाजूला बसलात. खुर्ची माझी, कीबोर्ड माझा. पासवर्डाचा चौकोन आला तशी तुम्ही मान वळवलीत आणि भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत राहिलात. मी "झालं" म्हणेपर्यंत. मग बोलता बोलता पडदा आपोआप कुलूपबंद झाला, मी परत पासवर्ड टाकायला लागले, तुम्ही परत कालनिर्णयकडे. त्याबद्दल ना तुम्ही काही बोललात, ना मी. तुमच्या कंपनीत हे सगळेच करत असतील, तुम्हाला आठवतही नसेल. पण इतक्या माणसांनी माझ्या लॅपटॉपला हात लावला, त्यात तो माझा आहे हे मानणारे तुम्ही पहिले.

फायली करप्ट नव्हत्याच. तुम्ही सांगितलंत तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं की आमच्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षरांची नुसती चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. फॉन्ट गेला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभर प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तसं नाही, देवनागरीला १२८ जागा स्वतंत्र राखून ठेवल्यात, आणि आपल्या ळचा क्रमांक २३५५. कोल्हापुरात तोच, टोकियोत तोच. मला हे फार आवडलं, का ते विचारू नका. इतकी वर्षं ळ टाइप केला, त्याला स्वतःचा नंबर आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

फायली युनिकोडात बदलून देताना पहिल्या खेपेला वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. तुम्ही हसून म्हणालात, "हे मला माहीत नाही, बघावं लागेल." बघितलंतही. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडात ती अक्षरानंतर साठवली जाते, रफाराचं बरोबर उलटं. संगणकवाल्याच्या तोंडून "मला माहीत नाही" ऐकलं त्याच दिवशी माझा तुमच्यावर विश्वास बसला. दुकानदाराला सगळंच माहीत होतं.

बाकी जाता जाता सांगितलेलं तर रोज हाताशी येतं. विंडोजचं बटण आणि व्ही एकत्र दाबलं की कॉपी केलेल्या मागच्या २५ गोष्टी समोर येतात, आणि हवी ती पिन करून ठेवता येते. माझ्याकडे "आमचे येथे श्रीकृपेकरून" कायमचं पिन केलेलं आहे. (तिथे पासवर्ड कॉपी करायचा नाही, हेही लक्षात आहे.) चुकून बंद झालेलं ब्राउझरचं पान कंट्रोल-शिफ्ट-टी नं परत येतं. एव्हरीथिंग नावाचं ते इवलंसं फुकट सॉफ्टवेअर, नावाची दोन अक्षरं टाकली की फाइल हजर. पूर्वी जुनी पत्रिका शोधायला अख्खी दुपार जायची. आणि साध्या मजकुरासाठी नोटपॅड प्लस प्लस. ते तुमचं लाडकं, हे तुमच्या आवाजावरूनच कळलं. २००३ पासून फुकट मिळतंय म्हणताना कुणी भावाचं कौतुक सांगावं तसे सांगत होतात.

मला वाटतं माणूस किती शिकलाय यापेक्षा दुसऱ्याचं काही उघडं पडत असताना तो डोळे कुठे ठेवतो, यावर मी आता माणसं जोखायला लागलेय. एटीएमच्या रांगेत दोन पावलं मागे उभा राहणारा. औषधाच्या दुकानात चिठ्ठी वाचून आजाराचं नाव मोठ्यानं न उच्चारणारा. अशी माणसं आहेत, बरीच आहेत. गाजावाजा करत नाहीत म्हणून मोजणीत येत नाहीत, एवढंच. आमच्या बँकेतला एक कारकून मात्र शिल्लक किती ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी सांगतो, आणि शिल्लक सांगण्यासारखी नसते तेव्हा तर जास्तच.

आणखी एक. छापखान्याला अजून पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधलीच फाइल लागते आणि त्या २००१ सालच्या पेजमेकर सातला युनिकोड मराठी कळत नाही, हे ऐकल्यावर तुम्ही नाक मुरडलं नाहीत. "त्यांचं काम चालतंय ना, मग राहू दे," म्हणालात, आणि जुना लॅपटॉप इंटरनेट काढून नुसता पेजमेकरसाठी ठेवायची युक्ती दिलीत. विंडोज दहाचे नेहमीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, यंत्र थांबलेलं नाही, एवढा साधा फरक त्या दुकानात कुणी सांगितला असता तर! नवीन लॅपटॉप हप्त्यावर घ्यावाच लागला, पण तो मी माझ्या सवडीनं घेतला, घाबरून नाही. सगळ्या फायलींची एक प्रत घरात वेगळ्या डिस्कवर आणि दुसरी माहेरी, हेही झालंय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. ठीक आहे. पण काकू खाली आल्या होत्या तेव्हा स्थळांचं बोलणं चाललंय असं कानावर आलं. पत्रिका मी करणार, आत्ताच सांगून ठेवते, आणि प्रूफ तुम्ही तपासायचं. नवरीच्या आडनावात रफार असला तर दोनदा.

तुमची,
खालच्या मजल्यावरची वहिनी